आजोबांकडून नातवाकडे, लेकीच्या वाटेने : लिंगसंलग्न आनुवंशिकतेची ओळख

आनुवंशिक आजार म्हटला की तो बापाकडून मुलाकडे, म्हणजे घराण्यात सरळ रेषेत उतरतो, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. परंतु काही आजार असे आहेत की ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ कधीच जात नाहीत. ते आजोबांकडून त्यांच्या मुलीकडे जातात आणि मुलीकडून तिच्या मुलाकडे, म्हणजे नातवाकडे पोहोचतात. मधली पिढी बहुधा निरोगी दिसते. रक्त न गोठण्याचा हिमोफिलिया, लाल-हिरव्या रंगांतील फरक न कळणारे रंगांधत्व आणि लहान मुलांचे स्नायू दुर्बल करणारी डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी ही याची ठळक उदाहरणे होत. या आजारांशी संबंधित जनुके 'एक्स' या लिंगगुणसूत्रावर असतात; म्हणून त्यांच्या संक्रमणाला लिंगसंलग्न आनुवंशिकता म्हणतात.

हे शास्त्र समजून घेण्याची गरज केवळ परीक्षेपुरती नाही. आजारी मुलगा जन्माला आला की 'दोष आईकडून आला' एवढेच अर्धे वाक्य घरात पोहोचते आणि तिच्या माथी अपराध मारला जातो. दुसरीकडे त्याच आईच्या बहिणी, मावश्या आणि भाच्या यांची चौकशी मात्र कोणी करीत नाही. पारंपरिक वंशावळीत लग्न होऊन गेलेल्या लेकींची शाखा पुढे लिहिली जात नसे आणि हे आजार तर नेमक्या त्याच शाखेतून पुढे सरकतात.

गुणसूत्रांचा हिशेब

मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. त्यांपैकी २२ जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्याच असतात. फरक तेविसाव्या जोडीत असतो. स्त्रीकडे दोन एक्स गुणसूत्रे असतात, तर पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्रच असते. शुक्रजंतूंपैकी साधारण निम्म्यांत एक्स आणि निम्म्यांत वाय असते. एक्स असलेल्या शुक्रजंतूने फलन झाले तर मुलगी आणि वाय असलेल्याने झाले तर मुलगा होतो. अर्थात अपत्याचे लिंग पित्याच्या शुक्रजंतूवर ठरते. मुलीच होतात म्हणून सुनेला बोल लावण्याला शास्त्राचा कोणताही आधार नाही.

याच हिशेबातून पुढची गोष्ट उलगडते. मुलाला वडिलांकडून वाय मिळते. म्हणजे त्याचे एकमेव एक्स गुणसूत्र आईकडूनच आलेले असते. मुलीला मात्र एक एक्स आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते.

ही दोन गुणसूत्रे आकाराने आणि कामाने समान नाहीत. एक्स गुणसूत्रात सुमारे साडेपंधरा कोटी जनुकीय अक्षरे असून त्यावर प्रथिने घडवणारी आठशेहून अधिक जनुके आहेत. त्यांपैकी बहुसंख्य जनुकांचा लिंगाशी काही संबंध नाही. रक्त गोठणे, रंग ओळखणे, स्नायूंची बळकटी, मेंदूची वाढ अशी दोन्ही लिंगांना लागणारी कामे ती करतात. वाय गुणसूत्र त्या मानाने फारच लहान आहे. त्याचा संपूर्ण आराखडा २०२३ मध्ये प्रथमच वाचला गेला. त्यात सुमारे सव्वासहा कोटी अक्षरे आणि प्रथिने घडवणारी सुमारे शंभर जनुके आढळली. एक्सवरील बहुतेक जनुकांना वायवर जोडीदार नाही.

स्त्रीच्या एका एक्सवरील जनुक सदोष असले तरी दुसऱ्या एक्सवरील निर्दोष जनुक बव्हंशी काम निभावून नेते. अशा स्त्रीला 'वाहक' म्हणतात. पुरुषाकडे दुसरी प्रतच नसते. त्यामुळे एक्सवरील दोष अप्रभावी असला तरी तो पुरुषात प्रकट होतो. स्त्री-पुरुषांतील फरकाचे मूळ कारण हे आहे.

वारशाचे चार नियम

पहिला नियम : आई वाहक आणि वडील निरोगी असतील, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता ५० टक्के असते आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही ५० टक्के असते.

दुसरा नियम : वडिलांना आजार असेल आणि आई वाहक नसेल, तर त्यांचा एकही मुलगा वडिलांच्या दोषामुळे आजारी होणार नाही, कारण मुलाला वडिलांचे एक्स मिळतच नाही. परंतु त्यांची प्रत्येक मुलगी वाहक असेल. येथे शक्यतेचा प्रश्न नाही.

तिसरा नियम : वडिलांना आजार आणि आई वाहक, असा योग आल्यास मुलींपैकीही निम्म्यांना आजार होण्याचा संभव असतो. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रूढी आहे. तिचा विचार या संदर्भात अवश्य करावा. मामा आणि भाचा दोघांनाही हिमोफिलिया असेल, तर मामाची मुलगी ठरावीक वाहक असते. तिच्याशी भाच्याचे लग्न झाल्यास त्यांच्या प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, आजार होण्याची शक्यता ५० टक्के होते.

चौथा नियम : ही शक्यता प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी नव्याने लागू होते. पहिला मुलगा आजारी निघाला म्हणून दुसरा निरोगीच होईल, हा हिशेब चुकीचा आहे.

निरीक्षण आधी, कारण नंतर

गुणसूत्रांचा शोध लागण्यापूर्वी शेकडो वर्षे लोकांनी ही वाट ओळखली होती. ज्यू धर्मग्रंथ तालमूदमध्ये सुंतेनंतर दोन मुलगे दगावले असतील, तर तिसऱ्याची सुंता करू नये, असा निर्देश आढळतो. तेथे सख्ख्या बहिणींच्या मुलांचाही विचार केलेला आहे. दोष आईच्या माहेरच्या बाजूने येतो, हे त्या काळच्या जाणत्यांच्या ध्यानात आले होते. १८०३ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन कॉनरॅड ऑटो यांनी एका अमेरिकी कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली. त्या घराण्यात रक्तस्राव फक्त पुरुषांना होई, मात्र तो पुढे जाई स्त्रियांमार्फत.

कारणाचा उलगडा विसाव्या शतकात झाला. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स या अमेरिकी संशोधिकेने एका भुंगेऱ्याच्या अळ्यांचा अभ्यास करून लहान आकाराच्या लिंगगुणसूत्राचा नराशी असलेला संबंध दाखवून दिला. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या फळमाश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. त्याच्या नातवंडांच्या पिढीत पांढरे डोळे केवळ नरांमध्येच उतरले. त्यावरून हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. गुणसूत्रांच्या या कार्यासाठी त्यांना १९३३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हिमोफिलिया

रक्त गोठण्याची क्रिया साखळीसारखी असते. त्या साखळीतील 'फॅक्टर आठ' हे प्रथिन कमी असल्यास हिमोफिलिया 'ए' आणि 'फॅक्टर नऊ' कमी असल्यास हिमोफिलिया 'बी' होतो. दोन्हींची जनुके एक्सवर आहेत. जन्माला येणाऱ्या सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकाला 'ए' प्रकार असतो. 'बी' त्याहून विरळ आहे. किरकोळ जखमेतून अखंड रक्त वाहते, ही लोकांची कल्पना अर्धीच खरी आहे. खरी हानी होते ती सांध्यांत वारंवार होणाऱ्या रक्तस्रावाने. गुडघे, घोटे आणि कोपरे यांची झीज होऊन ऐन तारुण्यात अपंगत्व येते. मेंदूतील रक्तस्राव जिवावर बेततो.

या आजाराची सर्वांत प्रसिद्ध वंशावळ ब्रिटनच्या व्हिक्टोरिया राणीची आहे. तिचा मुलगा लिओपोल्ड याला हिमोफिलिया होता. १८८४ मध्ये पडण्याचे निमित्त होऊन वयाच्या तिसाव्या वर्षी तो मरण पावला. ॲलिस आणि बिअॅट्रिस या राणीच्या मुली वाहक होत्या. त्यांच्या लेकींमार्फत हा दोष रशिया आणि स्पेनच्या राजघराण्यांत पोहोचला. रशियाचा युवराज अलेक्सी हा ॲलिसच्या मुलीचा मुलगा होता. लिओपोल्डची मुलगी नियमाप्रमाणे वाहक होती आणि तिच्या मुलाला, रूपर्टला, हिमोफिलिया झाला. आजोबांकडून नातवाकडे, लेकीच्या वाटेने, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. रशियन राजकुटुंबाच्या अस्थींमधील डीएनएच्या तपासणीतून हा आजार हिमोफिलिया 'बी' असल्याचे २००९ मध्ये सिद्ध झाले.

त्या काळी उपचार नव्हते. आज उणीव असलेला फॅक्टर शिरेवाटे नियमित देता येतो. हिमोफिलिया 'ए'साठी त्वचेखाली टोचण्याचे एमिसिझुमॅब हे औषध २०१७ पासून वापरात आले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पाच रुग्णांवर केलेल्या जनुकोपचाराचे उत्साहवर्धक निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये हिमोफिलिया आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी या दोहोंचा समावेश आहे.

रंगांधत्व

डोळ्याच्या दृष्टिपटलात लाल, हिरवा आणि निळा प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशी असतात. त्यांपैकी लाल आणि हिरव्या रंगद्रव्यांची जनुके एक्सवर शेजारीशेजारी आहेत. निळ्याचे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. म्हणूनच लाल-हिरव्याचे रंगांधत्व पुरुषांत अधिक दिसते, तर निळ्याचे दुर्मीळ असून दोन्ही लिंगांत सारखेच आढळते.

उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. भारतीयांत ते त्याहून कमी आढळते. स्त्रियांत मात्र ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. हा फरक साध्या गणिताने समजतो. शंभरांतील आठ एक्स गुणसूत्रे सदोष असतील, तर एकच एक्स असलेल्या पुरुषांपैकी आठ जण बाधित होतील. स्त्रीला मात्र दोन्ही एक्स सदोष मिळावी लागतात. आठ टक्क्यांचे आठ टक्के म्हणजे सुमारे ०.६ टक्के. प्रत्यक्षातील आकडा याच्या जवळचाच आहे.

अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन स्वतः रंगांध होते. १७९४ मध्ये त्यांनी त्यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातील द्रव निळा असावा, असा त्यांचा तर्क होता आणि मृत्यूनंतर डोळे तपासावेत, अशी त्यांची इच्छा होती. १८४४ मध्ये तपासणी झाली तेव्हा द्रव स्वच्छ निघाला. जतन केलेल्या अवशेषांतील डीएनए १९९५ मध्ये तपासल्यावर हिरव्या रंगद्रव्याचे जनुक त्यांच्यात नसल्याचे उघड झाले. दीडशे वर्षांनी त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले.

रंगांधत्व हा आजार म्हणण्यापेक्षा मर्यादा आहे आणि कायदाही आता तसे पाहू लागला आहे. सौम्य व मध्यम रंगांधत्व असलेल्यांना वाहन परवाना देण्याची तरतूद केंद्राने २०२० मध्ये केली. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने रंगांध विद्यार्थ्यांना सर्व अभ्यासक्रमांना प्रवेश द्यावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.

डुशेन आणि जी सिक्स पीडी

डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीमध्ये स्नायूंना आधार देणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयारच होत नाही. त्याचे जनुक मानवी जनुकांतील सर्वांत लांब जनुकांपैकी एक, वीस लाखांहून अधिक अक्षरांचे आहे. त्यामुळे त्यात नवा बिघाड होण्याची शक्यताही अधिक असते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला जिना चढणे जड जाते. जमिनीवरून उठताना तो हातांनी स्वतःच्याच मांड्यांवर रेटा देतो. पोटऱ्या फुगलेल्या दिसतात. बाराव्या वर्षाच्या सुमारास चाकांची खुर्ची लागते आणि पुढे हृदय व श्वसनाचे स्नायू निकामी होऊ लागतात. 'मुलगा आळशी आहे' म्हणून महत्त्वाची वर्षे वाया जातात. ही लक्षणे दिसताच रक्तातील सीपीके या घटकाची साधी तपासणी करून घ्यावी.

जी सिक्स पीडी या एन्झाइमची उणीवही एक्सशी निगडित आहे. एरवी व्यक्ती निरोगी असते. परंतु हिवतापावरील प्रायमाक्विनसारखी काही औषधे घेतल्यास किंवा डांबराच्या गोळ्यांशी संपर्क आल्यास तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात. नवजात बालकाला तीव्र कावीळ होऊ शकते. मुंबईच्या पारशी समाजात हे प्रमाण बरेच जास्त असल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे.

वाहक स्त्री खरोखर निरोगी असते का?

'स्त्री केवळ वाहक, तिला काही होत नाही' हे विधान जुन्या पाठ्यपुस्तकांत सर्रास आढळे. ते आता सुधारावे लागले आहे. १९६१ मध्ये ब्रिटिश संशोधिका मेरी लायन यांनी असे मांडले की, स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच निष्क्रिय होते. कोणत्या पेशीत कोणते एक्स झोपी जाईल, हे यदृच्छेने ठरते. त्यामुळे स्त्रीचे शरीर हे दोन प्रकारच्या पेशींचे गोधडीसारखे मिश्रण असते. काळे आणि नारिंगी ठिपके असलेली मांजर पाहिली की हे डोळ्यांना दिसते. मांजरीचा नारिंगी रंग एक्सवरील जनुकावर अवलंबून असल्याने अशी दुरंगी मांजर बहुतेक वेळा मादीच असते.

वाहक स्त्रीच्या शरीरात साधारणपणे निम्म्या पेशींत निर्दोष एक्स काम करते. परंतु हे वाटप नेहमी समान होत नाही. निर्दोष एक्सच अधिक पेशींत झोपी गेले, तर तिलाही त्रास होतो. हिमोफिलियाच्या काही वाहक स्त्रियांना मासिक पाळीत अतिरिक्त रक्तस्राव होतो. दात काढताना, शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा बाळंतपणानंतर धोका उद्भवू शकतो. ज्यांच्या रक्तात फॅक्टरचे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी आहे, अशा स्त्रियांना वाहक न म्हणता हिमोफिलियाच्या रुग्णच म्हणावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२१ मध्ये केली आहे. डुशेनच्या वाहक स्त्रियांच्या हृदयाचे स्नायू कमकुवत होण्याचा संभव असतो. त्यांनी ठरावीक काळाने हृदयतपासणी करून घेणे हिताचे असते.

काही वेगळे प्रकार

एक्सवरील सर्वच दोष अप्रभावी नसतात. फॉस्फेटच्या कमतरतेमुळे होणारा एक प्रकारचा मुडदूस प्रभावी आहे. त्यात बाधित पित्याच्या सर्व मुलींना आजार होतो, मुलग्यांना होत नाही. रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा विकार प्रामुख्याने मुलींतच दिसतो, कारण दुसरी प्रत नसलेले मुलगे अतिशय गंभीर आजारी होतात आणि बहुधा जगत नाहीत.

वाय गुणसूत्रावरील दोष मात्र फक्त पित्याकडून पुत्राकडे जातात. शुक्रजंतू निर्मितीशी निगडित भाग गळाल्याने येणारे वंध्यत्व हे त्याचे उदाहरण होय. कानांवरील दाट केस वायमुळे येतात, असे आपल्याकडे वर्षानुवर्षे शिकवले गेले. तथापि भारतीय पुरुषांच्या डीएनएच्या २००४ मधील अभ्यासाला त्यास पुष्टी मिळाली नाही.

विदर्भात आढळणारा सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे लिंगसंलग्न आजार नव्हेत. त्यांची जनुके इतर गुणसूत्रांवर असतात. दोन्ही पालक वाहक असतील, तरच अपत्याला तीव्र आजार होतो आणि मुलगा-मुलगी असा भेद राहत नाही. म्हणून तेथे दोघांची तपासणी महत्त्वाची, तर एक्सशी निगडित आजारांत आईच्या नात्यातील स्त्रियांची.

दोष कोणाचा?

हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणालाही आजार नसतो. तेथे बिघाड नव्याने घडलेला असतो. तीव्र हिमोफिलिया 'ए'च्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत जनुकाचा एक भाग उलटा बसलेला आढळतो. हा बिघाड बहुतांशी पुरुषांच्या शुक्रजंतू निर्मितीच्या वेळी होतो, असे दिसून आले आहे. म्हणजे ज्या दोषासाठी आईला बोलणी खावी लागतात, तो अनेकदा तिला तिच्या वडिलांकडून, तेही त्यांच्या नकळत, मिळालेला असतो. कोणीही आपली गुणसूत्रे निवडून घेत नाही. त्यामुळे 'दोषी कोण' हा प्रश्न निरर्थक असून 'आणखी कोणाला धोका आहे' हाच उपयोगाचा प्रश्न आहे.

कुटुंबात असा रुग्ण आढळल्यास पुढील गोष्टी कराव्यात. तीन पिढ्यांची वंशावळ काढावी आणि त्यात आत्या, मावश्या, बहिणी व त्यांची मुले यांची नोंद न चुकता करावी. रुग्णाच्या जनुकातील नेमका बिघाड प्रथम शोधून घ्यावा. तो कळल्यावर नात्यातील स्त्रियांची वाहक तपासणी नेमकी आणि सोपी होते. ती शक्यतो गर्भधारणेपूर्वी व्हावी. मुंबईत परळ येथील केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत हिमोफिलियाविषयीचे संशोधन व तपासणीचे काम दीर्घकाळ चालू आहे.

गर्भजल तपासणीविषयी समाजात गैरसमज आहेत. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. या कायद्याने गर्भाचे लिंग सांगण्यास पूर्ण बंदी आहे. परंतु नोंदणीकृत केंद्रात, ठरवून दिलेल्या अटींवर, लिंगसंलग्न आनुवंशिक आजाराच्या निदानासाठी तपासणी करण्यास परवानगी आहे. जनुकातील बिघाड ठाऊक असल्यास गर्भाला आजार आहे की नाही, एवढेच पाहता येते. 'मुलगा नको, मुलगी चालेल' किंवा त्याउलट, असा निर्णय घेण्याचे ते साधन नाही.

वाहक असल्याचे निदान झाले म्हणून मुलीचे लग्न मोडावे किंवा ही गोष्ट लपवून ठेवावी, असे काही नाही. वाहक स्त्रीच्या निम्म्या मुलग्यांत दोष न उतरण्याचीच शक्यता असते आणि वेळीच निदान झाल्यास बाळंतपणाची पूर्वतयारी करता येते, नवजात बालकाला इजा टाळता येते व उपचार पहिल्या रक्तस्रावापूर्वीच सुरू करता येतात. त्यासाठी रुग्णाच्या आईने आपल्या बहिणींना एकदा मोकळेपणाने सर्व सांगितले पाहिजे आणि तिला तसे सांगता यावे, इतपत समजूतदारपणा सासर-माहेरच्या दोन्ही घरांनी दाखवायला हवा.